व्यंकटराव केळीबागाईतदार यांची जठरस्वारी

स्वस्ति. जे पोटास नमन करितात आणि जे करीत नाहीत, त्या उभयतांस भूक सारखीच लागते, हे ध्यानी आणून ही हकीकत लिहिली असे. कसबे अर्धापूर येथील केळीबागांचे खावंद राजश्री व्यंकटराव यांच्या जठरप्रांती गनिमाने ठाणे दिले, आणि यकृतगडावर चरबीने तळ ठोकला, त्या दुहेरी मोहिमेचे हे वर्तमान. ऐकणाराने आधी आपले पोट चाचपावे, मग ऐकावे.

तर रावांस पहाटेपासून आंबट ढेकरांचा नगारा सुरू जाहला, आणि छातीत आग भडकली, आणि कमरपट्ट्याचे शेवटले भोक सर होऊन पुढे भोकच उरले नाही. मग खासा स्वारी फटफटीवर बसून नांदेडास कूच जाहली. तेथे डाक्तर रुद्राणीबाई यांनी जंतूंच्या तपासणीस रावांची फुंक पिशवीत कैद केली, आणि सोनोग्राफी करविली, आणि फर्माविले की, जठरात जंतूंची फौज आहे, तिजवर गोळ्यांचा तोफखाना चालवावा. यकृतावरील चरबी मात्र या गोळ्यांस भीक घालणार नाही, ती साखर सोडून आणि पायी चालूनच उतरेल. दोन्ही गनीम एकमेकांस आतून सामील असल्याचा विद्वानांस शक आहे, सबब एकास मारून दुसऱ्यास मोकळे सोडू नये. आणि जंतू तोंडावाटे पसरण्याचा संभव, सबब उष्टेमाष्टे बंद.

हे शेवटले कलम ऐकून रावांचा चेहराच उतरला. कारण ऐसे की, केळीचे व्यापारी पाशामियाँ हे रावांचे लंगोटीयार, आणि एकमेकांच्या घरच्या प्रत्येक शुभकार्यात उभयतांनी एकाच ताटात जेवावे, ही मिसरूड फुटण्याआधीपासूनची रीत. आणि पाशामियाँच्या कन्या अर्शियाबीबी यांची शादी तर अडीच महिन्यांवर आलेली! तशात रावांच्या राणीसाहेब सिंधुबाई यांनी कमरेवर हात ठेवून हुकूम सोडला: "जंतू मेले अन् वजन उतरलं, तरच पाशाभाऊच्या ताटाला हात लावायचा. न्हाईतर मी एकटी जाते दावतीला. तुमी घरी खिचडी खावा."

राव खिचडीस भ्याले नाहीत. ताट चुकेल, या धास्तीने त्यांचा जीव कासावीस जाहला.

मग तोफखाना दोन्ही वक्त चालला, आणि तोंड ऐसे कडू जाहले की केळही कारल्यागत लागे, तरी रावांनी एक गोळी चुकविली नाही. आणि रोज प्रातःकाळी पायदळ गावातून निघाले. येथेच घात जाहला! आपल्या मुलुखात दारावरून ओळखीचा माणूस चहा न घेता गेला, तर घरधन्याच्या इभ्रतीस धक्का बसतो. पहिल्याच दारी ग्यानोबा ओसरीवरून हाक देत, आणि राव मान हलवू लागताच पुसत, "काई राग हाय का आमच्यावर?" या एका तोफेपुढे कोण टिकणार? राव बसत, आणि कपभर पाक पिऊन उठत, तोच पुढल्या दारी बसम्मा फोडणीच्या मुरमुऱ्यांचा सुशीला घेऊन उभी, वर शेंगदाणे, वर पुन्हा चहा. 'नको' हे दोन अक्षरी हत्यार रावांच्या म्यानातून काही केल्या निघेना.

मग एके दिवशी राव पाशामियाँच्या केळीच्या काट्यावर चढले, आणि पाहतात तो वजन वाढलेले! ही खबर सिंधुबाईंस पोचली. "चालून कुणाचं वजन वाढतं व्हय?" इतकेच बोलून बाईंनी दुसऱ्या दिवशी रावांचा माग काढला, आणि ग्यानोबाच्या ओसरीवर, बशी ओठाशी असता, मुद्देमालासह गिरफ्तार केले.

त्या दिवसापासून रावांस केळीच्या बागेत, दोन ओळींच्या मधून चालविण्यात आले. जेथे दार नाही, तेथे चहा नाही. मागून खुद्द सिंधुबाई चालत, आणि राव रेंगाळले की खाकरत. येणेप्रमाणे पट्टा एकेक भोक मागे हटला. मग गोळ्या संपून महिना लोटल्यावर रावांनी पुन्हा पिशवीत फुंक मारली, सोनोग्राफीही करविली, आणि जंतूंचा मागमूसही राहिला नाही, आणि यकृतगडावरील चरबीही एक पायरी खाली उतरली, हे ऐकून सिंधुबाईंनी पदराने डोळे टिपले.

मग दावतीचा दिवस उगवला. दस्तरख्वान पसरले, आणि दोघे यार मांडीला मांडी लावून एका ताटावर बसले. बगारा खान्याचा भात आणि दालच्याची आमटी बेताने घेऊन राव थांबले, तोच पाशामियाँनी खुबानीच्या मिठ्याचा, म्हणजे जर्दाळूच्या गोड पक्वान्नाचा, मोठा डाव उचलला. मग रावांनी ताटावर हात आडवा धरला, आणि शस्त्र उपसले. "नको. बस."

वाढपी जागीच थिजले. पाशामियाँचा चेहरा पडला. "व्यंकटा, काई राग हाय का आमच्यावर?"

"राग न्हाई रे येड्या," राव म्हणाले. "लई वर्षं जेवायचंय तुझ्या ताटात, म्हणून."

पाशामियाँनी डाव खाली ठेविला, आणि रावांस छातीशी कवटाळले, आणि त्या दाबासरशी पाशामियाँच्या मुखातून ढेकर निघाला. आंबट! राव चमकले. जनानखान्याच्या पडद्यापलीकडून सिंधुबाई कडाडल्या, "पाशाभाऊ, ताट वेगळं करा!"

"उद्या सकाळी नांदेड," राव म्हणाले.

"हाव, जाऊ," पाशामियाँ म्हणाले. "वाटंत चहा घेऊ."

येणेप्रमाणे जठर काबीज जाहले, यकृताशी बोलणी चालू, आणि वाटेतला चहा बिनसाखरेचा, हे सर्व उभयपक्षी मान्य होऊन फत्ते नोंदविली असे. ताटे पाशामियाँचा रिपोर्ट येईतो दोन, पुढे पूर्ववत एक. हे कलम पक्के.