तडवळकरांची टेकडी

आमच्या निखिलच्या मुंजीत तडवळकरांनी अहेर म्हणून दगड दिला. चांगला नारळाएवढा, रंगीत कागदात गुंडाळून, वर सोनेरी फीत बांधून. दिल्लीच्या पाहुण्यांना वाटलं, मराठी लोकांत मुंजीला असंच काहीतरी देत असतील. माझ्या शेजारी बसलेल्या मिसेस भाटियांनी तर हात जोडून त्या दगडाला नमस्कार केला. निखिलने कागद फाडला, आत काय आहे ते पाहिलं आणि भोकाड पसरलं. तडवळकर प्रेमाने म्हणाले, "रडू नकोस. जपून ठेव. पुढे लागणार आहे."

"पुढे लागणार आहे" हे त्यांचं पालुपद होतं. बारसं असो, वास्तुशांत असो, कुणाचं प्रमोशन असो, तडवळकर दगड घेऊन हजर. सोसायटीत असं एक घर नव्हतं जिथे त्यांचा दगड नव्हता. तो पुढे लागेपर्यंत लोक त्याला आत्ताच कामाला लावत. कुणाकडे त्याने दार अडवलं जायचं, आमच्याकडे तो लोणच्याच्या बरणीवर असायचा आणि भाटियांकडे त्याच्याखाली पनीर दाबलं जायचं. त्या पनीरची चव काही औरच, असं मिसेस भाटिया सगळ्यांना सांगत.

ही गोष्ट दिल्लीच्या द्वारकेत मेट्रो येण्याच्या आधीची. तेव्हा द्वारका म्हणजे बाभळीचं रान, त्यात मधेमधे उभ्या अर्धवट इमारती आणि डोक्यावरून जाणारी विमानं. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या आम्हा मराठी मंडळींनी हौसेने सोसायटी काढली, शेजारीपाजारी पंजाबी, बंगाली, मल्याळी मिळाले आणि आम्ही राहायला आलो. देशाची दारं जगाला उघडली असं पेपरात रोज यायचं. आमच्या नळाला मात्र पाणी आलं नव्हतं. टँकर यायचा. त्याच्यामागे बादल्या घेऊन धावताना सेक्शन ऑफिसर आणि अंडर सेक्रेटरी यांच्यात काही भेद उरायचा नाही. खरं सांगते, इतकी मजा पुढे नळाला पाणी आल्यावर कधी आली नाही.

सोसायटीने बोअर मारली तेव्हा पहिलं पाणी चाखायचा मान तडवळकरांना दिला. ते भूगर्भशास्त्रज्ञ, सरकारी खात्यात हातोडी घेऊन डोंगर पालथे घालण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटले, बराच वेळ घोळवलं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. मग ते थुंकून म्हणाले, "वहिनी, हे पाणी नाही. हा लोणच्याचा खार आहे."

दगडांखालोखाल त्यांचं प्रेम मराठीवर. दिल्लीत राहून आमची भाषा कशी झाली होती ते सांगायला नको. "अच्छा", "बिल्कुल" आणि "चलो" यांच्याशिवाय आमचं वाक्य पुढे सरकत नसे. तडवळकर भर रस्त्यात गाठून दुरुस्ती करायचे. मी एकदा सहज म्हटलं, "आज दूध फाटलं हो!" ते जिन्यात थांबले. "फाटतो तो कपडा. दूध नासतं." आमच्या ह्यांनी एकदा गणपतीच्या मांडवात "अरे, पंखा चालव" म्हटलं, तर आरती थांबवून विचारलं, "कुठपर्यंत चालवत नेऊ? पंखा लावतात, चालवतात ती सायकल." मुलं त्यांना बघितलं की मुद्दाम हिंदीत बोलू लागत, म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही.

त्यांची स्वतःची मुलगी शैला मात्र धडधडीत म्हणायची, "बाबा, मी थकून गेली यार, चावी कुठे ठेवली तुम्ही?" आणि तडवळकर मुकाट्याने किल्ली काढून द्यायचे. तिला ते कधीच टोकत नसत. दिव्याखाली अंधार, असं आम्ही म्हणायचो. शैलाची आई ती अगदी लहान असतानाच गेली होती. सरकारी क्वार्टरमध्ये समोर राहणाऱ्या एका पंजाबी आजींनी, बीजींनी, तिला वाढवलं. मुलगी गुणी, हसरी, पराठे असे करायची की विचारू नका. मराठी तेवढी बीजींच्या हातची होती.

आता टेकडीबद्दल सांगते. तरुणपणी तडवळकरांना विदर्भाच्या पूर्व टोकाला, रानात, एक टेकडी सापडली होती. तिच्यात फिकट जांभळा अभ्रक होता आणि त्या अभ्रकात लिथियम. ऋतूमागून ऋतू त्यांनी तिथे तंबू ठोकून काढले, खड्डे खणले, नमुने आणले. आमच्या घरोघरचे दगड त्यातलेच. खात्याने सगळं वाचून शेरा मारला: सध्या उपयोग नाही. त्या शेऱ्यातला "सध्या" हा शब्द तडवळकरांनी उराशी धरला. टँकरच्या रांगेत ते आम्हाला सांगायचे, "एक दिवस गाड्या पेट्रोलवर नाही, बॅटरीवर धावतील. धूर नाही, आवाज नाही. आणि त्या बॅटरीत काय असेल? माझी टेकडी!"

भाटिया हसून म्हणायचे, "अजी तड़वाल साब, पहले अपनी लिफ़्ट तो चला दो बैटरी पे!" लिफ्ट तेव्हा दिवसातून दोनदा तरी मधेच बंद पडायची आणि बहुधा आत भाटियाच असायचे.

खाणींचं क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं झालं आणि तडवळकरांचं नशीब फळफळलं. गुडगावच्या एका नव्या कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं. काचेची इमारत, गार हवा, कॉफीचं मशीन. मालक चोप्रा नावाचे गृहस्थ. त्यांना खाणीतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण परदेशात मोबाइलच्या बॅटरीत लिथियम घालतात हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. तडवळकरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. शैलालाही तिथेच प्रसिद्धी खात्यात नोकरी लागली, आयुष्यातली पहिली. बाप-लेक सकाळी एका स्कूटरवरून गुडगावला जात. तडवळकर दहा वर्षांनी तरुण दिसू लागले. एकदा मला म्हणाले, "वहिनी, एवढं एकच मागणं आहे. त्या टेकडीतून भरलेला पहिला ट्रक निघताना बघायचाय. मग डोळे मिटले तरी चालेल."

ते टेकडीवर ड्रिलिंगच्या कामाला गेले. गावची मंडळी तशी राजी होती. सरपंच तर त्यांना जावयासारखं वागवत. आता ग्रामसभेआधी गावोगाव जीप फिरवून लाउडस्पीकरवरून कंपनीची माहिती द्यायची, असं चोप्रांनी ठरवलं. मराठीतून कॅसेट हवी होती. शैला प्रसिद्धी खात्यातल्या साहेबांना म्हणाली, "मी लिहिते ना, सर. मराठी आहे मी." तिने लिहिलं. दिल्लीच्या स्टुडिओत कुणा मिश्राजींनी ते भारदस्त आवाजात वाचलं. कॅसेट विदर्भात गेली.

बाजाराचा दिवस होता. जीप बरोबर चौकात उभी राहिली आणि गावाने ऐकलं: "बंधूंनो आणि भगिनींनो, आमची कंपनी तुमच्या गावासाठी संपूर्ण चेष्टा करेल. तुमच्या प्रत्येक मुलाला शिक्षा देईल. फक्त सरपंचांनी आम्हाला आपला राजीनामा द्यावा, ही नम्र विनंती."

बिचारीने काय चूक केली सांगा! हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. शिक्षा म्हणजे शिक्षण. आणि राज़ीनामा म्हणजे राजीखुशीने केलेला करार. द्वारकेत हीच कॅसेट लावली असती तर आमच्या निम्म्या पोरांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण ते गाव मराठी होतं.

सरपंच जीपच्या बॉनेटवर चढले. "आमची चेष्टा कराल? पोरांना शिक्षा कराल? आणि वर राजीनामा मीच द्यायचा?" तडवळकर टेकडीवरून धावत खाली आले, पण तोवर लाउडस्पीकर उतरवला गेला होता आणि कॅसेटची फीत चिंचेला लोंबत होती. त्यांनी परोपरीने समजावलं. लोकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि ग्रामसभेत हात वर करून कंपनीला नाही म्हणून सांगितलं. ज्यांना साधं बोलता येत नाही ते डोंगर काय पोखरणार, असं म्हणाले म्हणे. मला तर त्यांचंही चुकलं असं वाटत नाही.

पुढचं मला शैलाने सांगितलं. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत रडत सांगितलं.

गुडगावला मीटिंग भरली. चोप्रांनी टेबलावर हात आपटून विचारलं, "ये किसने लिखा है?" शैला उठून उभी राहणार, तेवढ्यात तडवळकर म्हणाले, "मैंने."

चोप्रांना खरं वाटेना. "आपने? आप तो सबकी मराठी सुधारते फिरते हैं!"

"अपनी कमज़ोर है, सर," तडवळकर म्हणाले. "दिल्ली में रहकर बिगड़ गई."

"काकू, मी बोलणार होती," शैला हुंदके देत म्हणाली. "पण बाबांनी टेबलाच्या खाली माझा हात असा घट्ट पकडून ठेवला ना... सोडलाच नाही."

शैलाची नोकरी राहिली. तडवळकरांची गेली. चोप्रांनी लवकरच खाणीचा नाद सोडला आणि त्या पैशात मॉल बांधला. टेकडी जिथल्या तिथे राहिली.

ही बातमी सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं ज्यांनी आमच्या दुधाची आणि पंख्याची उलटतपासणी केली, त्यांनीच अशी माती खावी! लोकांना तर दिवाळीच झाली. गणपतीच्या मांडवात कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "तडवळकर, यंदा वर्गणी गोळा करायची पूर्ण चेष्टा करा हं!" सगळे हसले. तडवळकरही हसले. मला ते बघवेना. शैलाने मला शपथ घातली होती, म्हणून मीही गप्प बसले.

शेवटी एका संध्याकाळी ते खाली बाकावर एकटेच बसलेले दिसले. मी शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "भाऊजी, मला शैलाने सगळं सांगितलंय. पोरीसाठी खोटं बोललात, टेकडीपाठोपाठ नोकरीही घालवलीत, आणि वर ह्या लोकांचं हसू सोसताय."

"खोटं कुठं बोललो, वहिनी?" ते म्हणाले. "चूक माझीच आहे. ती बोलायला शिकत होती तेव्हा मी कुठे होतो? त्याच टेकडीवर. पाऊस संपला की जायचो, उन्हाळा अंगावर आला की परतायचो. हिच्याशी घरात मराठीत बोलायला होतं कोण?"

समोर मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांच्याकडे बघत तडवळकर सांगू लागले.

"एकदा असाच परत आलो. दाढी वाढलेली, उन्हाने काळा ठिक्कर पडलेलो. बेल वाजवली. बीजींच्या घरातून ही धावत आली. एवढीशी होती. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'अंकल, पापा घर पे नहीं हैं.'"

"अगंबाई! मग?"

"मग काय? मला काही सुचेचना. मी तुझा बाबा आहे, हे सांगायचं होतं. तोंडातून निघालं, 'अंकल नाही बाळ, काका म्हणावं.'"

ते हसायला लागले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले.

"शहाणी पोर, वहिनी. सांगितलेलं लगेच ऐकलं. आठवडाभर मला काका म्हणत होती."