मावशीच्या नावाचा किलो

"ओटिलियामावशी येतेय," फोन ठेवत रेगुला म्हणाली, आणि उर्सला इतका आनंद झाला की तिला संशयच आला. बायकोच्या माहेरचं माणूस येणार म्हणून खूश होणाऱ्यांतला तो नव्हे.

रविवारी त्यांच्या मुलीच्या, सालोमेच्या सासरचे लोक पहिल्यांदाच जेवायला येणार होते. दहा पानं, म्हणजे वासराचं तीन किलो मांस. स्वित्झर्लंडमध्ये, त्यातून बाझेलच्या खाटकाचा भाव ऐकून चांगला खाणारा माणूस शाकाहारी होतो, म्हणून अख्खं शहर ट्रामने सीमेपलीकडे, जर्मनीतल्या वाइलला जातं. मात्र जकात न भरता आणता येतं ते दिवसाला माणशी एकच किलो. तेव्हा बाझेलकर पाहुण्याला 'जरा फिरवून आणतो' म्हणाला की तो बहुधा डोकी मोजत असतो.

शनिवारी तिघं निघाली. मावशी ऐंशीची, अपेनझेलच्या डोंगरातली. ठेवणीतली टोपी घालून ती खिडकीला चिकटून बसली होती.

"जर्मनी कधी येणार?"

"आली की, मावशी. मघाशीच," उर्स म्हणाला.

"मला सांगायचं नाही? मी नीट बसले असते!"

"आपलं घर नदीच्या पलीकडे राहिलं, एवढं लक्षात ठेव," रेगुला म्हणाली.

मावशीने तेवढंच लक्षात ठेवलं. तिला दुकानाबाहेर बाकावर बसवून दोघं आत गेली आणि तीन पुडकी घेऊन आली, तर बाक रिकामा. उर्स धावत दुकानाच्या पहारेकऱ्याकडे गेला.

"काय हरवलंय?"

"एक किलो," उर्सच्या तोंडून निघून गेलं.

"ऐंशी वर्षांची आहे," रेगुला घाईने म्हणाली. पहारेकरी पुडक्यांकडे बघत राहिला.

तासभर शोधून झाल्यावर रेगुला आपला किलो घेऊन, मावशी घरी पोचली का ते बघायला गेली. उर्स दोन किलो छातीशी धरून उन्हात उभा राहिला. अखेर तिचा फोन आला.

"घरीच आहे! नदी दिसली म्हणून पूल ओलांडून गेली, तर पलीकडे फ्रान्स. सगळे फ्रेंच बोलायला लागले, तिला वाटलं आपले कानच गेले. एका पाववालीने बाझेलच्या बसमध्ये बसवून दिली."

"सुटलो!" उर्स म्हणाला, आणि मग त्याला हिशेब कळला. "अगं, म्हणजे इथे दोन किलो आणि मी एकटा? पाठव तिला परत."

"तिचे पाय गरम पाण्यात आहेत रे!"

"पुसून पाठव."

अर्ध्या तासात मावशी ट्राममधून उतरली. "आता काय बघायचं राहिलं?"

"नदी, मावशी."

"ती मी पायी ओलांडून आले."

उर्सने तिला परतीच्या ट्राममध्ये बसवलं. सीमेवर जकातीचा अधिकारी चढला. "दोन किलो, दोन माणसं," उर्सने पाठ केल्यासारखं सांगितलं.

"आजी, यातला एक तुमचा?"

मावशीने अधिकाऱ्याकडे पाहिलं, पुडक्यांकडे पाहिलं, मग जावयाकडे. सकाळपासून न कळलेलं सगळं तिला एकदम कळलं. उर्सला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हो, माझा," ती म्हणाली आणि एक पुडकं उचलून मांडीवर घेतलं.

घरी उर्सने त्या पुडक्याला हात घातला.

"ठेव खाली! माझं आहे म्हणून सरकारी माणसाला सांगितलंय मी. ऐंशी वर्षं खोटं बोलले नाही, आता तीन देश बघून आले म्हणून बोलू?"

रविवारी दहा जणांत दोन किलो मांस आणि डोंगराएवढे बटाटे आले. "तुमच्याकडे हलकं जेवतात वाटतं," विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या. मावशीने दोनदा वाढून घेतलं.

संध्याकाळी स्टेशनवर, तिचं पुडकं तिच्या पिशवीत ठेवताना उर्सला अगदी मनापासून वाईट वाटलं. "चुकलं माझं, मावशी. पुढच्या वेळी खरंच गाव दाखवीन."

"दाखव ना," मावशी गाडीत चढत म्हणाली. "तिघी बहिणींनाही आणते. चौघींचे चार किलो होतील. ओझं तेवढं तू उचल."