बिनकानाचा कप

चीनच्या कुण्या राजाच्या उकळत्या पाण्यात झाडाचं पान पडलं, ते पाणी तो प्याला आणि त्याला तरतरी आली, असं सांगतात.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातही चहा बंद पडला नव्हता.

मागच्या दाराच्या कठड्यावर एक कप पालथा. कान तुटलेला.

निलंग्याची बस औशात पंक्चर.

बिनदुधाचा चहा हृदयाला बरा म्हणतात. ज्यांना हृदय आहे त्यांनी घ्यावा.

तर औसा रोडवरच्या सलोखा वसाहतीत वैजनाथराव नावाचे निवृत्त कृषी पर्यवेक्षक राहत. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी 'साहेब' म्हटलं नव्हतं. ते काका झाले होते, आणि ही पदावनती त्यांना सोसवत नव्हती. अशात जिल्हा चहा-साक्षरता कक्षाचं परिपत्रक आलं. प्रत्येक वसाहतीत चहाचा इतिहास व आरोग्यलाभ या विषयावर व्याख्यान घ्यावे. त्यानंतर सर्व रहिवासी व वसाहतीत कामास येणाऱ्या व्यक्तींनी एकत्र बसून एकसारख्या कपात चहा घ्यावा. उत्कृष्ट वसाहतीच्या संयोजकाची जिल्हा समितीवर नेमणूक होईल. समिती म्हणजे खुर्ची. खुर्ची म्हणजे साहेब. वैजनाथरावांनी त्याच दिवशी कोट इस्त्रीला टाकला.

अडचण कपांची निघाली. त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या सरजाबाईचा कप वेगळा होता. का, हे कुणी कधी बोललं नव्हतं. न बोलणं हाच नियम होता, आणि तो वसाहतीत घरोघर काटेकोर पाळला जाई.

"कागदी कप आणा, पिऊन फेकून द्या," शेजारचे सुदामराव म्हणाले. पण कागदी कप आरोग्याला घातक असल्याचं परिपत्रकात लिहिलं होतं. मग वर्गणी काढून पांढरेशुभ्र, एकाच साच्यातले कप आणले.

ते पाहून सिंधुताईंनी नवऱ्याला विचारलं, "अहो, यातला तिचा कोणता?"

वैजनाथरावांनी तज्ज्ञाला शोभेल असा विचार केला आणि एका कपाच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका दिला.

व्याख्यानाच्या दिवशी तपासणी अधिकारी महांतेश साहेब निलंग्याच्या बसनं उशिरा पोहोचले. आल्या आल्या त्यांनी कप उलटे करून पाहिले.

"हा ठिपका कशाचा?"

"निर्जंतुक केल्याची खूण, साहेब."

"उत्तम. मग बाकीच्यांवर का नाही?"

सिंधुताईंनी नेलपॉलिशची बाटली रिकामी केली. आता सगळे कप खरोखरच एकसारखे झाले.

वैजनाथराव तासभर बोलले. चहानं थकवा जातो, मन एकाग्र होतं, माणसं जोडली जातात, आणि पाणी उकळल्यानं सर्व दोष मरतात, असं त्यांनी ठासून सांगितलं. मग सगळे चहा प्याले. सरजाबाईही प्याली. फोटो निघाले. सलोखा वसाहत जिल्ह्यात पहिली आली.

संध्याकाळी घासलेल्या कपांच्या टोपल्याभोवती वसाहतीची तातडीची बैठक बसली. तिचा कप कोणता होता, हे कुणालाच सांगता येईना.

"सगळेच उकळून घेऊ," वैजनाथराव म्हणाले.

"उकळून जाईल का?" सुदामरावांनी विचारलं.

"जंतू मरतात."

"जंतू मरतेत हो. हे काय जंतू हाय का?"

शेवटी सरजाबाईला बोलावलं.

"बाई, तुम्ही कोणत्या कपात प्यालात?" सिंधुताईंनी गोड आवाजात विचारलं.

"पांढऱ्या."

"नीट आठवा."

"काय आठवू वैनी? आन् सगळे कप म्याच तर घासले. चोरीला गेलाय का एखादा?"

"छे, छे. सहज."

त्या रात्री ठराव झाला की सर्व कप सरजाबाईला सन्मानपूर्वक भेट द्यावेत. कपदानाची बातमी छापून आली. वैजनाथरावांना खुर्ची मिळाली, आणि कक्षानं इतर वसाहतींनाही हा आदर्श घालून दिला. बिनकानाचा कप पुन्हा कठड्यावर आला.

मात्र नियमानं लाभार्थीच्या घरी पाहणी आवश्यक होती. वैजनाथराव आणि महांतेश साहेब फोटोवाल्यासह सरजाबाईच्या पत्र्याच्या घरी गेले. तिनं सतरंजी झटकून टाकली, त्याच पांढऱ्या कपांत चहा ओतला, वर आलंही घातलं होतं.

"घ्या, सायेब."

कितीतरी वर्षांनी कुणीतरी साहेब म्हटलं होतं. वैजनाथरावांनी कपाकडे पाहिलं. वाफ आली, वास चांगला आला.

"मला पित्त आहे," ते म्हणाले. "चहानं वाढतं. झोप उडते. भूक मरते. इंग्रजांनी लावलेली सवय ही, आपल्याला मुळात चहाची गरजच नाही."

"माझा आज उपवास," महांतेश साहेब म्हणाले.

"उपासाला चा चालतो की," सरजाबाई म्हणाली.

"कडक आहे उपवास."

ती वैजनाथरावांकडे वळली. "आन् भाषणात तर लई फायदे सांगत व्हता तुमी." मग तिनं एक कप उचलला आणि सावकाश प्यायला बसली. फोटोत दोन्ही साहेब भरले कप हातात धरून हसत आहेत. फोटोला चव कळत नाही.

हे वाचून हसू आलं असेल, तर हसण्याआधी आपल्या मागच्या दाराचा कठडा बघून यावा.

व्याख्यानाच्या दिवशी बसच्या पंक्चरमुळे आधी केलेला चहा गार झाला होता, आणि सिंधुताई नेलपॉलिश लावण्यात गुंतल्या असल्यानं सगळ्या वसाहतीसाठीचं दुसरं आधण सरजाबाईनं ठेवलं होतं.