तात्या तांडेल आणि भरकटलेला बाण

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी भिकाजी तांडेल हे नाव घेईन. आईवडिलांना त्याचं वाईट वाटणार नाही. त्यांना विचारलंत तर तेही बहुधा हेच नाव घेतील. गाव त्यांना तात्या म्हणतं.

तात्यांना जमिनीवर चालता येत नसे. पाय ठणठणीत होते, पण रस्ता ही गोष्टच त्यांना मान्य नव्हती. समुद्रावर रस्ते नसतात. तिथे तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरतो. देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत आले, की जाळं टाकायची जागा आली. तात्या पालघरच्या बाजारातही असेच चालत. पाण्याची टाकी आणि चौकातला पिंपळ एकावर एक आले की उजव्या हाताला शिंपी. मधली गटारं, सायकली, भाजीवाल्या बायका यांना लाटांइतकीच किंमत. एकदा तो पिंपळ तोडला गेला. तात्या दुपारभर टाकीकडे बघत बाजारात हेलकावे खात राहिले. मी म्हटलं, तात्या, शिंप्याची पाटी ही काय समोर आहे. त्यांनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाटी वाचून कोण घरी आलाय, पोरा?"

कुठलंही काम निघालं की ते म्हणत, "आधी वारा बघू." मुलगी बघायला जाताना म्हणत, बँकेत शिरताना म्हणत, सुई टोचून घेताना डॉक्टरलाही म्हणत. आणि खरोखरच बाहेर जाऊन, तोंड वर करून, डोळे मिटून थोडा वेळ उभे राहत. डॉक्टर थांबत. सगळेच थांबत.

आमचं गाव सातपाटीपलीकडच्या खाडीवर आहे. दहावी झालो तेव्हा बाबांनी मला तात्यांच्या होडीवर घातलं. घरात शिकलेलं कोणी नव्हतं, त्यामुळे पुढे शिकायचं असतं हेही कोणाला माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसून पापलेट गुंडाळायला आणलेल्या वर्तमानपत्राचा कागद वाचत होतो. तात्यांनी मागून ते बघितलं. संध्याकाळी किनाऱ्याला लागल्यावर बाबांना चारचौघांत म्हणाले, ह्याला दिवसभर बोट लागली, ओकून ओकून माझी होडी खराब केली, ह्याच्या पोटात समुद्र राहत नाय, ह्याला कॉलेजात घाल. मला बोट लागली नव्हती. मला कधीच बोट लागत नसे. पण तांडेलाच्या शब्दापुढे कोण बोलणार? मी पालघरच्या कॉलेजात गेलो आणि बी. कॉम. झालो. गाव मला बीकॉम अशीच हाक मारू लागलं.

पुढे तात्यांनी होडी सोडली. गुडघे दुखतात म्हणाले. मग लोकांनी त्यांना आमच्या लहानशा मच्छीमार सोसायटीचे चेअरमन केलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी हट्टाने सोसायटीसाठी संगणक घ्यायला लावला आणि तो चालवायला मला ठेवलं. कमिटीतले काशिनाथशेठ, दोन होड्यांचे मालक, याला कडाडून विरोध करत होते. शेवटी ठरलं असं, की पौर्णिमेपर्यंत मशीन नीट चाललं तर ठेवायचं, नाहीतर परत. काशिनाथशेठ पुढे म्हणाले, "आणि मशीन परत, तर बीकॉम पण परत."

संगणक आला. बोईसरहून एक इंजिनिअर तो बसवायला आला. हिंदी बोलायचा आणि नाकाला रुमाल लावून असायचा. त्याने सगळं जोडून दिलं, माऊस उलटा करून खालचं झाकण फिरवलं, आणि आतली रबराची गोळी काढून आम्हाला दाखवली. ही गोळी फिरते म्हणून पडद्यावरचा बाण फिरतो, म्हणाला. गोळी सगळ्या कमिटीच्या हातातून फिरली. तात्यांच्या तळहातावर ती फार वेळ राहिली.

दोन दिवस सगळं सुरळीत होतं. मग बाणाला काय झालं कोण जाणे. मी हात डावीकडे नेला की तो जागेवर उभा राहायचा, विचार करायचा, आणि मग एकदम उडी मारून कोपऱ्यात जाऊन बसायचा. खाली ओढला की तिरका निघायचा. बर्फाच्या हिशोबावर नेमका नेला की डिझेलच्या हिशोबावर टिचकी पडायची. पडदा निळसर हिरवा होता, दुपारच्या भरतीच्या पाण्यासारखा. त्यावर तो पांढरा बाण असा वाहत जायचा की बघणाऱ्याला गुंगी यावी. मला मात्र माझी नोकरी वाहत चाललेली दिसायची.

इंजिनिअर परत आला. त्याने गोळी पुसली, आतली चाकं स्पिरिटने साफ केली आणि वैतागून म्हणाला, "आप लोगों के यहाँ हर चीज़ में तेल है. हाथ धोके छुओ." ते खरंच होतं. मी दाराशी बादली आणि साबण ठेवला. काशिनाथशेठ आत येताना विचारायचे, बीकॉम, नुसते हात धुऊ की आंघोळ पण करू? सगळ्यात मनापासून हात धुवायचे ते तात्या. कोपरापर्यंत.

तरी दोन दिवसांनी बाण पुन्हा भरकटला. मी माऊसखालचा कापडी तुकडा बदलला, टेबल हलवलं, वायर काढून पुन्हा घातली. आईने लिंबू-मिरची दिली, तीही खिडकीला बांधली. सोसायटीतली मांजर तेवढी माऊसपाशी येऊन बसायची आणि मी वळलो की तो चाटायची. यावर गावाने काय काय विनोद केले ते सांगत नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्या गावात मांजर काहीही चाटते. वास म्हणाल, तर आमच्याकडे कुठल्या एका वस्तूला वेगळा वास नसतोच.

पौर्णिमेला कमिटीची सभा होती. तिच्या आदल्या दिवशी मी जेवून नेहमीपेक्षा लवकर परतलो. दुपारी सोसायटीत तात्या एकटेच असत. सगळीकडे सामसूम होती. बोंबील वाळत होते, काठ्यांच्या सावल्या वाळूवर पडल्या होत्या. दारातून बघतो तर तात्या संगणकापुढे बसलेले. खुर्ची आडवी वळवलेली, एक पाय दुमडून वर घेतलेला, होडीच्या मागच्या फळीवर बसावं तसे. माऊस त्यांनी उलटा धरला होता, वायर मनगटाखाली आणि पाठ पुढे. चेहरा काचेपासून जेमतेम वीतभर. बाण त्या निळ्या पडद्यावरून अगदी संथ चालला होता. ते स्वतःशीच पुटपुटत होते. केळवं मागं पडलं. सातपाटीचा दिवा उजव्या अंगाला ठेव. आता जाळं सोड, आता सोड.

शेजारी एक बाटली आणि चिंधी होती. बाटलीत मोरीच्या माशाचं तेल होतं, होड्यांना लावतात ते.

मी पाय न वाजवता मागे सरलो, सायकल मुद्दाम भिंतीवर आदळली आणि खोकलो. आत गेलो तेव्हा तात्या बाहेर निघाले होते. "आधी वारा बघून येतो," म्हणाले. बाटली धोतराच्या सोग्यात होती.

मी गोळी काढून साबणाने धुतली, चाकं स्पिरिटने पुसली. बाण सुतासारखा सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी सभेत मी सगळ्यांसमोर बाण फिरवून दाखवला. काशिनाथशेठनी विचारलं, मग इतके दिवस काय झालं होतं? मी म्हटलं, खारी हवा. माझ्या नोकरीचा प्रश्न होता हे खरं, पण काही झालं तरी भर सभेत तात्यांचं नाव माझ्या तोंडून येणार नव्हतं.

तेवढ्यात तात्या उठले.

"हवा नाय. मी तेल लावत होतो. नवी वस्तू हाय, समुद्राच्या तोंडाशी ठेवलेली. तशीच कशी ठेवणार?"

कोणी हसलं नाही. काशिनाथशेठ गंभीरपणे पुढे झुकले.

"कुठलं तेल?"

"मोरीचं."

"हात किती दिले?"

"रोज एक."

"तिथंच चुकलं," काशिनाथशेठ म्हणाले. "पहिल्या दिवशी दोन द्यायचे, मग आठ दिवस वाळू द्यायचं."

यानंतर नुसतं मोरीचं तेल बरं की चंद्रुसाची राळ घातलेलं, नव्या वस्तूला उन्हात ठेवावं की सावलीत, यावर कमिटीत जोरदार वाद झाला. तेल लावलं यात चूक आहे असं एकाही माणसाला वाटलं नाही. शेवटी मी भीत भीत सांगितलं, की रबराच्या गोळीला तेल चालत नाही. काशिनाथशेठ माझ्यावरच उखडले. मग आधी सांगायचं नाय, बीकॉम? ज्याच्या हातात मशीन त्यालाच काय लागतं ते माहीत नाय! सर्वानुमते ठराव झाला, की मशीन ठेवावं, आणि बीकॉमला महिनाभर मुंबईला शिकायला पाठवावं.

घरी जाताना तात्या आणि मी खाडीच्या काठाने चाललो होतो. भरती चढत होती. मी विचारलं, माऊस उलटा का धरता? ते म्हणाले, सुकान तसंच असतं, डावीकडं ढकललं की होडी उजवीकडं जाते, हाताला तेच ठाऊक. मग मी विचारलं, तात्या, होडी का सोडलीत?

ते थांबले. वारा बघत असतील असं मला वाटलं. डोळे उघडेच होते.

"एका संध्याकाळी देवळाचा कळसच दिसला नाय. आभाळ साफ होतं. होडीत सगळी पोरं बसलेली, माझ्या भरवशावर. अंदाजानं आणली किनाऱ्याला. घरी येऊन गुडघे दुखतात म्हणून सांगितलं."

थोडं चालून झाल्यावर ते पुन्हा बोलले.

"तुझ्या मशीनवर बरं वाटतं. तिथं चुकलो तर कोणी बुडत नाय."

मुंबईला गेल्यावर पहिल्या रविवारी मी त्यांना पत्र टाकलं. ते असं:

तीर्थस्वरूप तात्या यांस,

सा. नमस्कार.

मी इथे सुखरूप पोचलो. खानावळीत मासे देतात, पण ते मासेच आहेत ना, हे विचारून घ्यावं लागतं. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, म्हणजे हे पत्र तुम्हाला कोणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

क्लासच्या वाटेवर डोळ्यांचा एक दवाखाना आहे. आत जाऊन विचारून आलो. मोतीबिंदू असेल तर काढतात. दुसरं काही असेल तर तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणाले. तुमचं नाव सांगितलेलं नाही. महिनाअखेर मी घरी येईन, तेव्हा तुम्ही हो म्हणालात तर दोघं मिळून जाऊ. घरी काय सांगायचं ते वाटेत ठरवू.

आता मशीनबद्दल. संगणक नुसता बंद ठेवला तर बिघडतो. म्हणून रोज दुपारी तासभर तो चालू ठेवावा, आणि बाण पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहावा. हे काम सुकाणूचा सराव असलेल्या माणसाकडेच द्यावं, असं इथल्या सरांनी बजावलं आहे. तसं पत्र मी काशिनाथशेठना वेगळं पाठवलं आहे. ते सभेत वाचून दाखवतील.

सरांनी असं काहीही सांगितलेलं नाही. हे फक्त तुम्हाला कळवून ठेवतो.

आपला,
नारायण