डोलीतून पळालेला माणूस

कोणतंही पवित्र कार्य तडीस न्यायला निदान एक अपवित्र माणूस लागतो. तो जवळ असावा लागतो, पण फार जवळ नाही. पूर्वजांनी ही सोय करून ठेवली म्हणूनच नदीच्या पश्चिम तीरावरचा, मृतदेह टिकवून ठेवण्याचा आमचा मंडप आजवर सुरळीत चालला.

कामाची विभागणी अशी. मृताला जमिनीवर निजवलं की मी, म्हणजे मंडपाचा लेखनिक, त्याच्या डाव्या कुशीवर शाईने रेघ ओढतो. हे काम शुद्ध आहे. मग पेतेमिन काळ्या दगडाच्या सुरीने त्याच रेघेवरून चीर देतो. हे काम घोर पाप आहे, कारण आपल्यातल्याच एकाच्या देहाला जखम करणाऱ्याला क्षमा नाही. चीर दिली नाही तर आतडी काढता येत नाहीत, देह नासतो, आणि मृताला परलोकात कोणी ओळख देत नाही. म्हणून पाप वेळेवर व्हावं यावर आमचा कटाक्ष असतो. चीर झाली रे झाली की नातेवाईक पेतेमिनला शिव्या देत, दगड मारत कालव्यापर्यंत पिटाळतात. मग याजक येतात, आतलं बाहेर काढतात, देह सुकवायला खारात पुरतात, पट्ट्या गुंडाळतात. त्यांना सगळे वाकून नमस्कार करतात. (रेघ मी ओढलेली असते. माझ्या दिशेने अजून एकही दगड आलेला नाही. रेघ सरळ असते, हे एक कारण असावं.)

दगडांनाही शिस्त आहे. मुठीत मावेल एवढाच घ्यावा, नेम हातभर बाजूला धरावा. दहातले नऊ चुकतात. दहावा सहसा जावयाचा असतो.

पेतेमिन हे काम बापाकडून शिकला. दगडांबद्दल त्याची तक्रार नव्हती. चिंता एकच होती, आणि ती तो सुरी धुताना बोलून दाखवी.

“साहेब, माझी वेळ आली की मला कोण चिरणार? पोरगा तर होडीवर गेला.”

“विचार चालू आहे,” मी सांगत असे.

“बापाच्या वेळीपण चालूच होता.”

“मग काय केलंस?”

“मीच चिरलं त्याला. नंतर मलाच माझ्यामागे धावावं लागणार होतं, पण शेजारी मदतीला आले.”

अडचण आली ती धान्यकोठाराचे अधिकारी जेधोर वारले तेव्हा. चीर उत्तम झाली. दगड उचलले गेले. आणि पेतेमिन जागच्या जागी उभा राहिला.

“पळ ना रे,” जेधोरची बायको ताखेरेद म्हणाली.

“गुडघा धरलाय, बाई.”

“आजच धरायचा होता?”

“गुडघ्याला हुद्दा कळत नाही.”

पेच गंभीर होता. उभ्या माणसाला दगड मारणं ही नुसती मारामारी. तिला धर्मात आधार नाही. न मारावं तर पाप मंडपातच उभं राहतं, आणि ते उभं असताना याजक आत पाऊल टाकत नाहीत. ऊन चढत होतं. जेधोर कधी नव्हे ते घाईत होते. अखेर ताखेरेदनेच विचारलं, “पळायचं ते स्वतःच्याच पायांनी, असं कुठे लिहिलंय?”

मी पोथ्या पाहिल्या. लिहिलेलं नव्हतं.

जेधोरची डोली आणली. पेतेमिन आत बसला. चार जावयांनी ती खांद्यावर घेतली आणि कालव्याकडे धूम ठोकली. “तुझं थडगं फुटो, मेल्या,” असं ओरडत बाकीचे मागे. दगड अर्थातच जावयांना लागले. (या वेळी दहातले नऊ.) कालव्यावर पेतेमिनने चौघांना पाणी देऊ केलं. तो अपवित्र असल्याने कोणी घेतलं नाही.

पद्धत रूढ झाली. सधन घरांनी डोलीला छत लावलं, पुढे पंखेवाला दिला. रस्त्याच्या कडेला गर्दी होऊ लागली. बाया लेकरांना उचलून दाखवत, “पापी असावा तर असा.” एकदा प्रांताधिकाऱ्यांची डोली त्याला वाट देण्यासाठी थांबली, ते नजरचुकीने झालं, असं त्यांनी मागाहून कळवलं. पेतेमिन मात्र छताखालून मान काढून मला विचारी, “साहेब, झाला का विचार?”

“होतोय.”

मग एका सकाळी, सुरीला धार लावता लावता, पेतेमिन गेला.

मंडपाने कशातही कमी केलं नाही. याजक नाहून आले. ताखेरेदने पट्ट्यांसाठी आपलं तलम कापड दिलं. सगळं गाव लोटलं, येताना प्रत्येकाने आठवणीने दगड आणला. डोली सजली. मी रेघ ओढली. इतकी सुरेख रेघ माझ्या हातून पूर्वी कधी उतरली नव्हती. शेजारी सुरी ठेवली. मग आम्ही वाट पाहू लागलो.

“करा ना कोणीतरी,” ताखेरेद म्हणाली. “चांगला होता हो.”

यावर दुमत नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शेवटी होडीवाला मुलगा पुढे आला. त्याने सुरी उचलली, बापाच्या कुशीवर टेकवली आणि एकवार वर पाहिलं. गावाचे हात, निव्वळ सवयीने, वर गेले होते. कालच बापाचे पाय चेपून गेलेला शेजारीही त्यांत होता. मुलाने सुरी खाली ठेवली.

“माझी होडी सुटायची वेळ झाली,” तो म्हणाला.

ऊन कोणासाठी थांबत नाही. तिन्हीसांजेला याजकांनी नाकाला फडकं बांधलं आणि पेतेमिनला तसाच वाळूत पुरायला सांगितलं. रेघ अखेरपर्यंत फिसकटली नव्हती.

तेव्हापासून चिरणाऱ्याची जागा रिकामी आहे. डोली मंडपाची, गुडघ्याची अट नाही. हा वृत्तान्त वाचून ज्यांना पेतेमिनबद्दल मनापासून वाईट वाटलं असेल, त्यांनी भेटावं. आजवर वाईट वाटलेल्यांची संख्या फार मोठी आहे; भेटायला कोणी आलेलं नाही. आपणही हळहळलात, त्याबद्दल मंडप आभारी आहे. आज ना उद्या आपली डावी कूस माझ्यासमोर येईलच. रेघ सरळ येईल, ही माझी हमी. पुढचं आपल्या हातात आहे. त्या हातात दगड नसेल तर.