गजभिये काकांचे व्याही

आमच्या शेजारचे गजभिये काका नव्या माणसाशी बोलायला लागले की तिसऱ्या वाक्याला आपल्या व्याह्यांचा विषय काढतात. मागे एका पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, ह्यूस्टनला नुकतीच आलेली एक मुलगी त्यांच्या तावडीत सापडली.

"आमचे व्याही मोठे फिरस्ते होते," काका म्हणाले.

"होते म्हणजे?"

"वारले. घोड्यावरून पडले."

त्या बिचारीने हातातली प्लेट खाली ठेवली. "अरेरे! कधी झालं हे?"

"झाली असतील दीडशे वर्षं," म्हणत काकांनी आणखी एक बटाटेवडा उचलला.

या व्याह्यांचं नाव सायलस. काकांची सून एमिली, तिच्या पणजोबांचे हे आजोबा. टेनेसीहून गाडीत बायको, पाच पोरं आणि एक नांगर घालून ते पश्चिमेकडे निघाले आणि टेक्सासात येऊन थांबले. काका नागपूरचे. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला येऊन त्यांनी उभी नोकरी तेलाच्या पाइपलाइनी आखण्यात घालवली. रिटायर झाल्यावर आखायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी सायलसचा रस्ता आखायला घेतला.

त्यांचं डायनिंग टेबल जुन्या नकाशांनी आणि जनगणनेच्या झेरॉक्सांनी भरलेलं असतं. जेवायला गेलं तर काकू म्हणतात, "तू अर्कान्साच्या नकाशाच्या बाजूला बस, तिकडे थोडी जागा आहे." काकांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "तोंडाचं सोडा, कागद काय म्हणते?" दूध संपलं असं काकूंनी सांगितलं तरी हेच. काकू वैतागतात. "जिवंत व्याह्याले फोन करत नाहीत, अन् मेलेल्याच्या मागं फिरून राहिले!"

जिवंत व्याही म्हणजे एमिलीचे वडील जिम. दोन तासांवरच्या एका गावात राहतात. अबोल माणूस. सायलस अस्वलाशी झुंजला, धाडसापोटी पश्चिमेला गेला, हे ते लहानपणापासून ऐकत आलेले.

एकदा काकांनी मला एका लांबच्या काउंटीच्या, म्हणजे इकडच्या जिल्ह्याच्या, कोर्टात नेलं. म्हणजे ड्राइव्ह मी केलं. चार तास, बाहेर भट्टी, मांडीवर चिवड्याचा डबा. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "हे तुमचे कोण?" व्याही या शब्दाला इंग्रजी नाही, हे काकांना तिथे कळलं. त्यांनी बोटांवर मोजत मुलगा, सून, सुनेचे वडील, त्यांचे वडील असं सुरू केलं. दुसऱ्या हाताची बोटं निघाली तशी बाईंनी मुकाट्याने फाइल आणून दिली.

तीत टेक्सासच्या जमिनीच्या कागदासोबत टेनेसीहून आलेली एक नक्कल होती. शेजाऱ्याची तक्रार: सायलसने माझं खेचर नेलं. सुनावणीला सायलस गैरहजर. त्यानंतर टेनेसीत त्याचा मागमूस नाही.

काकांनी भिंग ठेवलं. "बेटा, व्याही धाडसापायी नाही आले. खेचरापायी आले!"

आणि हे त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या सणाला, सगळे जेवायला बसलेले असताना, झेरॉक्ससह जाहीर केलं. अस्वलाचा कुठेही पुरावा नाही, हेही जोडलं. जिमनी काटा खाली ठेवला, "जेवण छान होतं" म्हणाले आणि पाय आपटत निघून गेले. एमिली रडली. मुलगा म्हणाला, "बाबा, यार, गरज होती का?"

दोन महिने जिमचा फोन नाही. काकांनी टेबल आवरलं. काकूंना टेबल मोकळं मिळालं, पण त्या खूश नव्हत्या. "नुसते खिडकीत बसून राहते हो," मला म्हणाल्या.

जानेवारीतल्या एका रविवारी मी त्यांच्याकडे ढोकळा द्यायला गेले, तेव्हा दारात जिमचा पिकअप ट्रक उभा राहिला. जिम आत आले. काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"माझी आजी," जिम म्हणाले, "खेचराचा विषय निघाला की खोलीतून उठून जायची. का, ते आता कळलं."

काका आधी हसले नाहीत. मग जिमच हसायला लागले, आणि दोघे म्हातारे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

हसू ओसरल्यावर जिमनी विचारलं, "माझ्या माणसांसाठी एवढं फिरलात. तुमची माणसं कधी शोधली नाहीत?"

काका चष्मा पुसत बसले. मग इंग्रजीत, एकेक शब्द शोधत म्हणाले, "आम्ही गावाच्या वेशीबाहेरचे. आजोबांच्या आधीचं कोणी लिहून ठेवलं नाही. माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं. मीरा मोठी झाली की विचारेल, मी कुठून आले. माझ्याकडून दोन पावलांत वाट संपते. म्हटलं, तिला एका बाजूने तरी लांबवर जाता यावं."

मीरा म्हणजे दोघांची नात, सहा वर्षांची.

काकू स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या होत्या. जिमनी टॉवेल उलगडला. आत त्यांच्या घराण्याचं बायबल होतं, जन्ममृत्यूच्या नोंदींची पिवळी पानं असलेलं. शेवटच्या पानावर मीराचं नाव होतं. एका बाजूला जिमचे सगळे पूर्वज, दुसरी बाजू कोरी. जिमनी पेन पुढे केलं.

काकांनी ते आधी वर्तमानपत्राच्या कडेला तीनदा चालवून पाहिलं. मग स्वतःपासून वर आपल्या आजी-आजोबांपर्यंतची नावं लिहिली, देवनागरीत आणि खाली इंग्रजीत. सगळ्यांत वर सोनबा. सखू. जिमनी मोठ्याने वाचून पाहिलं, "सॉन्बा." काकांनी दोनदा सुधारलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं.

मग पट्टी मागवून त्यांनी सोनबांच्या वर एक सरळ रेघ आखली आणि पेनाला टोपण लावलं.

"आणि हे?" जिमनी रेघेवर बोट ठेवलं.

"हे माझे पणजोबा," काका म्हणाले. "नाव माहीत नाही. पण होते."