उत्तमकाकांचं टेबल

फर्निचरच्या दुकानात घरून फुलपात्र घेऊन जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी उत्तमकाका. दुकानात शिरायचं, मालकाकडेच पाणी मागायचं, फुलपात्र काठोकाठ भरून टेबलावर ठेवायचं आणि टेबलाला गुडघ्यानं एक धक्का द्यायचा. थेंब सांडला की निकाल जाहीर: "हलतंय!" मग सांडलेलं पुसायला फडकंही मालकाकडेच मागायचं.

काका सैन्याच्या वर्कशॉपमधले निवृत्त हवालदार. उमेदीची सगळी वर्षं बंदुका दुरुस्त करण्यात गेली. भिंगारला आमच्याच मजल्यावर दोन खोल्यांत काका-काकू राहतात. आसपासच्या मुली एअर रायफलच्या स्पर्धांना जातात, त्यांचे छर्रे काका फुकट निवडून देतात. तांदूळ निवडतात तसे. सोनाराकडे असतो तसल्या इवल्याशा काट्यावर काका एकेक छर्रा तोलणार आणि काकू चिमट्यानं तो उचलून वजनाप्रमाणे डबीच्या कप्प्यात टाकणार. दिवसभर हेच. छर्रे कंपनीतूनच सारखे येत नाहीत का, असं एकदा विचारायची चूक मी केली. तासभर ऐकून घ्यावं लागलं. "सर, सूतभर फरक पडला की छर्रा निशाण सोडून थेट कुरनात!" भाजीत मीठ जास्त झालं तरी काका हेच म्हणतात.

तर हे काम चालायचं एका घडीच्या टेबलावर. ते डुगडुगायचं, म्हणून नवीन घ्यायचं ठरलं. कॉट आणि खिडकी यांच्यामध्ये मावलं पाहिजे, तीन हजारांच्या वर जाता कामा नये, आणि मुख्य म्हणजे हलता कामा नये. माझ्याकडे जुनी व्हॅन आहे, एवढाच माझा गुन्हा.

पहिल्या रविवारी राहात्याला गेलो. सुताराचं बाभळीचं टेबल इतकं भक्कम, की फुलपात्रातलं पाणी जागचं हललं नाही. मी खुशीत खिशातून व्हॅनची किल्ली काढली. काकांनी शांतपणे ते पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाले, "उंची जास्त हाय."

"बाबा, पाय कापून देतो की," सुतार म्हणाला.

"मग कमी व्हईल."

दुसऱ्या रविवारी देवळाली प्रवराला, एका बंद पडलेल्या गॅरेजातलं लोखंडी टेबल. पाणी ढिम्म. "लोखंड थंडीत हाताला गार लागतं, सर." मे महिना होता. माझ्या कपाळावरून घाम गळत होता. तिसऱ्या रविवारी नगरच्या जुन्या बाजारात एका टेबलाला म्हणे वास येत होता. कशाचा, विचारलं, तर "जुन्या मालकाचा." चौथ्या रविवारबद्दल मी बोलणारच नाही. टेबल बघताय की मुलीला स्थळ, असं माझी बायको विचारायला लागली.

शेवटी माझं डोकं फिरलं. पाचव्या रविवारी मी एकटाच देवळालीला गेलो, गॅरेजवाल्याचं ते लोखंडी टेबल विकत घेतलं आणि काका मुलींच्या सरावाला गेलेले असताना दोन हमालांकरवी त्यांच्या घरात आणून ठेवलं. वर स्वतः फुलपात्र भरून टेबलाला लाथ मारली. थेंब सांडला नाही.

"संपला बघा त्रास, काकू!"

काकू हरखल्या. लगेच समोर बसल्या, चिमटा घेतला, छर्रा उचलला. तो लोखंडावर टणकन पडला. दुसराही पडला. मी आत्ता कुठे त्यांचा हात नीट पाहिला. तो थरथरत होता. शेजारी पाणी स्थिर होतं.

"औषधाच्या गोळ्यांनी हात बरा झाला असं वाटलं हुतं मला," काकू हळूच म्हणाल्या आणि त्यांनी चिमटा खाली ठेवला.

दारात काका उभे होते. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. "हलतंय!" ते ओरडले.

"काका, एक थेंब..."

त्यांनी बुटासकट माझ्या पायावर पाय दिला. "खिडकीशी लावल्यावर कळंल. तू जा, सरांच्या घरी कैऱ्या आल्यात, बघून ये जरा."

काकू गेल्यावर काका कॉटवर बसले. "सर, हिनं रांगोळी सोडली. सुई सोडली. कुनाला चहा द्यायचं सोडलं, कप वाजतो म्हनून. हे तेवढं राहिलंय. मी सांगतो, औषधानं हात थांबलाय, टेबलच हलतंय. न हलनारं टेबल घरात आलं की हे बी सोडंल. मग दिवसभर मी कुनासमोर बसू?"

"मग मला चार रविवार उन्हातान्हात कशाला फिरवलंत?"

"तिला दिसाया पाहिजे ना, शोधतोय म्हनून."

मला काकांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. काकांनी कॉटखालून लोखंड कापायची करवत काढली. मी टेबल एका बाजूनं उचलून धरलं. सूतभर फरक ज्याला कधी खपला नाही, त्या माणसानं मागचा एक पाय चांगला अर्धा इंच कापला. कापताना त्यांनी मोजमापही घेतलं नाही.

काकू परत आल्या तेव्हा मीच टेबलाला गुडघा मारला. फुलपात्र उलटंच झालं.

"गॅरेजवाल्यानं फसवलं हो मला, काकू! हलतंय!"

काकूंनी कोपऱ्यावर तळहात दाबून पाहिला. टेबल खडखडलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "असू द्या सर, तुमी तरी काय करनार," असं म्हणून त्यांनी चिमटा उचलला. काका समोर बसले आणि त्यांनी पहिला छर्रा काट्यावर ठेवला.

पुढच्या रविवारी सकाळी सातला दारावर थाप. फुलपात्र घेऊन काका हजर. "चला सर, टेबल बघाया."

मी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि व्हॅन बाहेर काढली.